सिगरेटच्या पाकिटातली लक्ष्मी

पार्सिपनी, मंगळवार, ऑक्टोबर २००४

ती. सौ. सुलभावहिनींना शैलजेचा वाकून नमस्कार. (इतक्या लांबून वाकलं तरी पोचतो म्हणतात.) तुमचे गुडघे कसे आहेत? दादांचा खोकला थांबला का? इकडे सगळी खुशाल. देवदत्तची नोकरी आणि सूनबाईचं ड्रायव्हिंग, दोन्ही देवाच्या कृपेने चालू आहेत.

तर वहिनी, तिसरीत शाळा सुटलेली तुमची नणंद काल अमेरिकेच्या कॉलेजात शिकवून आली! हसू नका. आपली वल्लरी तिथे जुन्या जाहिराती शिकते (त्याचीसुद्धा डिग्री असते). व्हिक्टोरिया राणीच्या काळात म्हणे सिगरेटच्या पाकिटात पत्त्याएवढी रंगीत चित्रं घालायचे, नाटकातल्या गाजलेल्या बायकांची, नाहीतर देशोदेशीच्या माणसांच्या सोंगांची. तिच्या बाईंनी स्वतःजवळची तसली चित्रं तिला दिलेली. सोमवारी वर्गात दाखवायची आणि जशीच्या तशी परत करायची. मला काय ठाऊक? शुक्रवारी टेबलावर बघते तर मुकुटवाली बाई, हातात कमळ, मागे हत्ती. लक्ष्मीच की! देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू लावलं, साखर दाखवली.

वल्लरी आली आणि किंचाळली, "ओ माय गॉड, आजी!" म्हटलं, "हो गं, गॉडच आहे." तर पोर रडायलाच लागली. चित्रातली ती म्हणे नाटकातली कुणी मडम, हिंदू राणीचं सोंग घेऊन तंबाखू खपवणारी. मी ओल्या फडक्याने पुसायला गेले, तर कुंकू गालभर पसरलं. (दिसायला बरी झाली, पण बोलले नाही.) वल्लरी दोन दिवस धड जेवली नाही. म्हणे आता बाई मला नापास करणार. मग मीच म्हटलं, चूक माझी, मी येते.

नऊवारी नेसून गेले. बाईंना हात जोडले, सगळं सांगितलं, वल्लरी इंग्रजीत सांगत गेली. बाई चित्राकडे बघत राहिल्या. तेवढ्यात शेजारचं चित्र दिसलं, गळ्यात नाग घातलेला हुक्केवाला, खाली लिहिलेलं 'हिंदू' (वल्लरीने वाचून सांगितलं). मला राहवेना. म्हटलं, हा आमच्यातला कोण? याचं पागोटं शिंकला तर पडेल! आणि त्या मडमेचं लुगडं नेसलंय का खिडकीला टांगलंय? वर ठणकावलं, आमच्याकडे तंबाखूवर देवाला कुणी बसवत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, वहिनी! बाई म्हणाल्या, हे चित्र कुंकवासकट प्रदर्शनात लावायचं, आणि वल्लरी पास. वल्लरीने तिथेच मला मिठी मारली, पदर सुटेपर्यंत.

दादांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
शैलजा

ता. क. कांचन पुढच्या महिन्यात इकडे येतेय ना? तिच्याबरोबर माझी तंबाखूची मिसरी पाठवा. संपून आठवडा झाला, दात घासल्यासारखे वाटत नाहीत. दोन डबे.

आणखी ता. क. आपला नेहमीचा लक्ष्मी छापच हं, दुसरा चालत नाही. फक्त लक्ष्मीवर जाड कागद चिकटवा आणि वर 'मेतकूट' लिहा.