बॉनेटखालचे दिवे आणि दातांचे डॉक्टर

चिरंजीव छोट्या (वय वर्षे एकोणपन्नास) यास ताईचा भरभरून आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो म्हणाला होतास. वाजू दे, वाजणारी गोष्ट अजून चालू आहे असं समजायचं. भावजयीला आणि पोरींना माझी आठवण सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे. सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवते, त्यावरून डोळ्यांचं काय ते समजून घे. फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू दर वाक्याला ‘अगं पण ताई’ म्हणतोस आणि मला काय सांगायचं होतं ते राहून जातं. कागद निमूट ऐकून घेतो.

मुद्द्याचं आधी सांगते. तू शोधलेलं गिऱ्हाईक, म्हणजे ते दातांचे डॉक्टर, गुरुवारी तुझी गाडी बघायला आले होते. गाडी विकली गेली नाही. यात माझी काडीचीही चूक नाही, हे पुढे वाचशील तसं तुझ्या लक्षात येईल. एखाद्या ठिकाणी चूक माझीच आहे असं वाटलं, तर तेवढा भाग पुन्हा वाच.

तू तिकडेच कायमचं राहायचं ठरवलंस आणि गाडी विकून टाकू म्हणालास, तेव्हा मी ‘बरं’ म्हणाले. (ते ‘बरं’ कुठून निघालं हे तुला फोनवर कळलं नसणार, मधे अख्खा समुद्र आहे.) परदेशी जाताना तू बजावलं होतंस की आठवड्यातून एकदा गाडी नुसती चालू करायची, नाहीतर बॅटरी बसेल. लायसन्स माझ्याकडे तेवीस वर्षांपासून आहे, पाकिटात घडी मोडायची राहिलेल्या साडीसारखं. पहिले दोन रविवार मी जागच्या जागी इंजिन चालू करून वर्तमानपत्र वाचत बसले. तिसऱ्या रविवारी फाटकापर्यंत गेले. चौथ्या रविवारी फाटक उघडंच होतं. आता मी तळ्यापर्यंत जाते, काठाशी गाडी लावून थर्मासमधला चहा पिते आणि मनाला येईल तेव्हा परत येते. जन्मभर कुणाच्या ना कुणाच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर कापडाचे गठ्ठे सांभाळत जी बाई हिंडली, तिच्यासाठी ‘मनाला येईल तेव्हा’ ही काय चीज आहे हे तुला लिहून सांगता यायचं नाही. असो. हे सगळं बॅटरीच्या काळजीपोटी.

तर डॉक्टर येणार म्हटल्यावर मी गाडी धुतली, पुसली, सीटकव्हरं नवी शिवली. पण बॉनेट उघडून पाहिलं तर आत काळोख. आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये भर दुपारीसुद्धा आपला हात आपल्याला दिसत नाही, हे तुला ठाऊक आहे. शिवणाच्या दुकानात मी चाळीस वर्षं एकच गोष्ट शिकले: माल उजेडात दाखवावा. अंधारात रेशीमही गोणपाट दिसतं. म्हणून मी बॉनेटखाली दिवे बसवायचे ठरवले. स्पेअर पार्टवाल्याकडून पट्टीच्या दिव्यांचं बंडल आणलं. तो म्हणाला, बाई, हे वायरमनकडून बसवून घ्या. मी त्याला विचारलं की शिवणयंत्राची मोटर बंद पडली तर ती कोण दुरुस्त करतं, तुझा वायरमन? तो गप्प बसला. (गप्प बसणारा माणूस आपलं म्हणणं मान्य करतो असं मी धरून चालते, म्हणून माझं कुणाशी भांडण होत नाही.)

छोट्या, बॉनेटला आतून अस्तर असतं हे तू मला कधी सांगितलं नाहीस. चांगलं जाड, काळं, नमद्यासारखं अस्तर. ते पाहिलं आणि माझ्या जिवात जीव आला, कारण अस्तर म्हणजे माझा प्रांत. दिव्यांची पट्टी कडेकडेने मी अशी बसवली की ब्लाउजच्या गळ्याची पायपिनसुद्धा इतकी सुबक बसत नाही. वायर लोंबू नये म्हणून टाके घालायच्या आधी ती जागोजाग टाचण्यांनी अस्तराला टाचून घेतली. आम्ही काहीही शिवताना आधी टाचतो, ही आमची रीतच आहे. वीज कुठून घ्यायची हा प्रश्न होता. भोंग्याकडे दोन वायरी जात होत्या, त्यांतली जी हाताला सोपी होती ती सोलून जोड दिला. मंगळवारी दिव्यांचं बटण दाबलं आणि बॉनेटखाली अशी लख्ख पहाट झाली की तुझ्या इंजिनावरचा आकडा न् आकडा वाचता यावा. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खाली येऊन बघून गेले. म्हणाले, शंभरपैकी नव्वद. दहा कशाचे कापले ते सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी डॉक्टर आले. स्वभावाने सज्जन, पण समोरच्याचं तोंड बघायची खोड. बोलताना माझ्या दाढेकडे बघत होते. मी बॉनेट उघडलं, दिवे लावले, आणि ते माझी दाढ विसरले. वाकून वाकून पाहिलं, एवढं स्वच्छ इंजिन कधी पाहिलं नाही म्हणाले, कागदपत्रांची चौकशी केली. म्हणजे सौदा झाल्यातच जमा होता. मग मी बॉनेट बंद केलं.

भोंगा वाजायला लागला. एक-दोनदा नव्हे, सलग. अख्खी इमारत गॅलऱ्यांत आली. मी बॉनेट उघडलं, भोंगा थांबला. बंद केलं, पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बॉनेट उघडंच ठेवून चालवता का. मी म्हटलं, नाही, उगाच कशाला, पुढचं दिसत नाही. मग त्यांनी स्वतः बंद करून पाहिलं, भोंग्याने त्यांनाही ओळख दाखवली. एवढ्यात त्यांना क्लिनिकमध्ये कुणाला तरी भूल देऊन आल्याची आठवण झाली आणि ते गेले.

शुक्रवारी मी वायरमनला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत निदान केलं. भोंग्याच्या दोन वायरींपैकी एकीत कायम वीज असते, आणि दुसरी गाडीच्या पत्र्याला टेकली की भोंगा वाजतो. स्टिअरिंगवरचं बटण तेवढंच काम करतं. मी जोड दिला होता तो दुसरीला. बॉनेट बंद केलं की खालून एअर फिल्टरचा डबा अस्तराला दाबतो, आणि वायरीतून आरपार गेलेल्या टाचण्या वरच्या पत्र्याला टेकतात. म्हणजे कुणीतरी भोंग्याचं बटण दाबून बसल्यासारखंच. त्याने एकेक करून सात टाचण्या तळहातावर काढल्या आणि विचारलं, “हे कुठल्या शिंप्याने केलंय?” मी म्हटलं, “शिंप्याने नाही, शिंपिणीने.” त्यावर त्याने माझा कामातला हात बघून दिवे तसेच ठेवले, फक्त वीज दुसरीकडून घेतली आणि मधे फ्यूज घातला. गाडी आता ठणठणीत आहे आणि बॉनेट बंद करून चालते. तेव्हा काळजी नसावी. गुडघ्याला तेल लावत जा, आणि पोरींना ओरडू नकोस.

तुझी,
ताई

ता.क. डॉक्टरांचा फोन आला होता. दुरुस्ती झाली असेल तर रविवारी पुन्हा येतो म्हणाले. ते दिवे त्यांच्या डोक्यातून जात नाहीत. माणूस चिवट आहे.

ता.क. दुसरा. हेडमास्तर तुला फोन करतील आणि भोंगा मंगळवारीसुद्धा वाजला होता असं सांगतील. त्यांचं खरं आहे. मंगळवारी हेडमास्तर वर गेल्यावर मी बॉनेट बंद करून पाहिलं होतं. भोंगा वाजला, मी टाचण्या चाचपून पाहिल्या, आणि कारण मला तिथेच कळलं. एक टाचणी दाबली की बोंब, सोडली की शांत. चाळीस वर्षांत मी कुणाच्या कपड्यात एक टाचणी विसरले नाही, तर बॉनेटमध्ये सात कशी विसरेन? गुरुवारपर्यंत माझ्या हातात दोन दिवस होते. मी त्या काढल्या नाहीत.

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं म्हणजे याच्यासाठी. गाडी मला हवी आहे. तुझी किंमत सांग, मी एका शब्दाने घासाघीस करणार नाही. फोनवर सांगणार होते, पण मी तुला लहानपणापासून देतच आले, मागायला तोंडच उघडेना. आता मागते आहे. डॉक्टरांना मी रविवारी अकराची वेळ दिली आहे, म्हणून या पत्राचे फोटो आजच तुझ्या फोनवर पाठवते आहे. त्याआधी तुझा होकार आला नाही, तर जोड पुन्हा भोंग्याच्या वायरीला देऊन टाचण्या लावायला मला दहा मिनिटं पुरतात.