पावतीत न आलेली भाजी

सोमवार, ४ मार्च

बिअर घेणारा माणूस भाजी का घेत नाही? मला ठाऊक नाही. पण पावत्या तेच सांगतात! मोठ्या दुकानाने आमच्या संस्थेला संशोधनासाठी दोन हजार पावत्या दिल्या आहेत. वाइनच्या पावतीवर फळं, पालेभाज्या, चीज. बिअरच्या पावतीवर वेफर्स, सॉसेज. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, अहवाल शुक्रवारी जाऊ दे, मग तुला कायम करून घेते. अहवालावर माझं नाव असेल. आमच्या घरातलं पहिलं छापील नाव — लग्नपत्रिका सोडल्या तर.

मंगळवार, ५ मार्च

तक्ता पूर्ण. स्वतःवर खूश.

बुधवार, ६ मार्च

जेवताना सगळ्यांना अहवाल वाचून दाखवला. बाबा काकडी खात ऐकत होते. दिवसभर वेल्डिंग करतात, शनिवारी एक बिअर घेतात, त्याच दुकानातून. म्हणजे मी त्यांनाच सांगत होते की तुम्ही भाजी खात नाही! मावशी हसून हसून लोळायचीच बाकी होती.

बाबा शांतपणे म्हणाले, "भाजी दाबून बघून घ्यावी. दुकानात ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. बाटली काय दाबून घ्यायची असते?"

भाजी ते बस डेपोमागच्या हातगाड्यांवरून आणतात. गाडीवाला कुठली पावती देणार!

मावशी एका वाइन पिणाऱ्यांच्या घरी कामाला आहे. पालेभाजीची पिशवी दर गुरुवारी तीच कचऱ्यात टाकते म्हणे, न उघडता. "विकत घेतली म्हणजे खाल्ली होय गं?"

पदवी माझ्याकडे, अक्कल यांच्याकडे.

गुरुवार, ७ मार्च

दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, असं दिवसभर स्वतःला बजावलं. खरंच होत नाही. पण पावत्यांवरून तरी काय होतं? कोण काय घेतं ते कळतं, कोण काय खातं ते नाही. आणि अहवालाचं शेवटचं वाक्य — 'बिअर घेणाऱ्यांचा आहार निकृष्ट असतो.' आईला विचारलं, नोकरी कायम झाली नाही तर? म्हणाली, "खाली नाव तुझं आहे ना? मग तूच बघ."

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी मॅडमच्या टेबलावर ठेवलेला अहवाल परत उचलला, त्यांच्यासमोरच. कायम करायचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या. चालेल म्हटलं. संध्याकाळी प्रश्नांचे कागद घेऊन डेपोमागे उभी राहिले. एक आजी म्हणाल्या, "विचार काय ते, पण आधी ही पिशवी धर." सव्वीस जणांनी उत्तरं दिली. तेरा पिशव्या धरल्या!