बॅकअपची काढलेली वायर

पोरी, ही चिठ्ठी वाचायला आधी खाली बस, एका दीडशहाण्या सुताराची गोष्ट सांगतो. लेकीने त्याला बजावलं होतं, "बाबा, बॅकअपच्या डब्याची वायर काढायची नाही हं!" हा गडी दोन वर्षं तीच काढून त्या जागी ड्रिल चार्ज करत बसला. आज नव्या कॉम्प्युटरवर जुने फोटो उतरवायला डबा जोडला, तर फोटो दोन वर्षांपूर्वीच संपलेले. तुझ्या आईचं शेवटचं वर्ष त्यात नाहीच. म्हणून बंद पडलेला जुना कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून सुतार दुरुस्तीवाल्याकडे गेलाय. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "बघू, खात्री नाही." हा सुतार, तुझा बाप, परतला की त्याच्यावर हवं तेवढं ओरड, पण आई गेली तेव्हासारखी गप्प बसू नकोस.