कव्हराखाली चालू राहिलेला कॉम्प्युटर

अप्पा, तुमची नात परवा मला विचारत होती की रात्री कॉम्प्युटर बंद केला नाही तर काय बिघडतं. तुम्ही गेल्यावर जन्मलेली ही मुलगी आता नववीत आहे. इथे नांदेडला तिचे क्लास सुरू झालेत, आणि त्यांचे व्हिडिओ रात्रभर उतरवून घ्यायचे असतात. पॉलिटेक्निकमध्ये हाच प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. मी ठरलेलं उत्तर देते, की फारसं काही बिघडत नाही, थोडी वीज जाते, वारा खेळता ठेवा, आठवड्यातून एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. तिला मात्र हे सांगता येईना. मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबलं, तव्यावरची पोळी करपली आणि ती म्हणाली, "अगं आई, एवढं काय अवघड विचारलं मी?"

तुमचं उत्तर मला पाठ आहे. तुम्ही म्हणायचात, "माणसं झोपल्यावर घरात काही चालू ठेवायचं न्हाई." हा नियम भूकंपानंतरचा. मी तेव्हा लहान होते, पण तुम्ही आत्याच्या गावाहून परत आलात ती संध्याकाळ मला दिसते. अंगणात दगडावर बसला आहात, आई पाणी ओततेय आणि तुमच्या हातांची माती निघतच नाही. आत्याच्या घराचं माळवद, ते मातीचं जड छप्पर, खाली आलं होतं. पुढे एकदाच तुम्ही बोललात, की दाराची कडी आतून लागलेली होती, आत्या दारापर्यंत पोचली होती. त्यानंतर आपल्या लातूरच्या घराला रात्री कडी लागली नाही. निजण्याआधी गॅसचं बटण, दिव्यांची बटणं, सगळं तुम्ही स्वतः फिरून बघायचात. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर पितळी तांब्या, त्यावर पालथा स्टीलचा पेला आणि त्यावर आणखी एक पेला रचायचात. जमीन हलली की पेला पडेल, वाजेल आणि माणूस जागा होईल. त्या वर्षी घरोघरी अशी भांडी रचून लोक झोपायचे. हळूहळू सगळ्यांची भांडी स्वयंपाकघरात परत गेली. आपली मात्र टेबलावरच राहिली.

मग गल्लीत क्लासची पोरं आली. ज्याच्या त्याच्या घरावर खोल्या चढल्या, पहाटे पाचपासून सायकलींच्या घंट्या वाजू लागल्या. तुमची सकाळची शाळा सुटल्यावर तुम्हीही एका क्लासात भौतिकशास्त्र शिकवायला जाऊ लागलात आणि वर्षभर दुपारची झोप मोडून शिकवल्यावर माझ्यासाठी कॉम्प्युटर आणलात. मी अकरावीत होते. गल्लीतला तो पहिला. आईनं जुन्या नारायणपेठी साडीचं कव्हर शिवलं, काठ दर्शनी बाजूला येईल असं. टेबल एकच, त्यामुळे कॉम्प्युटरचा डबा तुमच्या तांब्याशेजारी बसला. आई म्हणाली, "आता तरी उचला की हो ती भांडी, बघणारे हसतील." तुम्ही म्हणालात, "ती आधी आल्यात, हे नंतर आलंय." रोज रात्री मी कॉम्प्युटर बंद करायचा, भिंतीवरचं बटण दाबायचं, कव्हर घालायचं आणि तुम्ही आतून विचारायचात, "केलास का गं बंद?"

बारावीच्या परीक्षेच्या आधीचे दिवस होते. वर्गातल्या मैत्रिणीनं जुन्या प्रश्नपत्रिकांची सीडी एका दिवसापुरती दिली होती आणि सकाळी सहाच्या बॅचला परत करायची होती. दिवसभर लाईट नव्हती. आली ती जेवणं झाल्यावर. सीडीवर ओरखडे होते आणि कॉपी इतकी हळू चालली होती, की पहाटेशिवाय संपणार नाही हे दिसत होतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. म्हणून मी फक्त कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, चालू डब्यावर कव्हर घातलं आणि आत आले. तुम्ही विचारलंत, "केलास का गं बंद?" मी म्हणाले, "हो, अप्पा." तुम्ही दारातून एकदा कव्हराकडे पाहिलंत आणि त्यावर विश्वास ठेवलात.

ओरखडा आला की ती सीडी आत अडखळायची आणि मग जोरात फिरायची, आणि तेव्हा डब्यासकट टेबल थरथरायचं. कॉपी लावताना हे मी पाहिलं होतं. भांड्यांचं माझ्या लक्षातच आलं नाही. उजाडायच्या जरा आधी वरचा पेला खडखडला आणि फरशीवर पडला. तुम्ही दुसऱ्या क्षणाला उभे होतात. आईला हाताला धरून बाहेर नेलंत, मला हाक मारलीत आणि मग तसेच, बनियनवर, गल्लीतलं एकेक दार ठोठावत सुटलात. "बाहेर निघा! भूकंप हाय! पोरांनो, खाली उतरा, काही घेऊ नका!"

सगळी गल्ली बाहेर आली. खोल्यांवरची पोरं वह्या छातीशी धरून, बायका कडेवर लेकरं घेऊन. पाच मिनिटं गेली, काही हललं नाही. नंतर कुणीतरी पलीकडच्या गल्लीत जाऊन आलं. तिथे सगळे गाढ झोपलेले. समोरचे दुकानवाले काका म्हणाले, "सर, सपान पडलं का काय?" तुम्ही म्हणालात, "न्हाई हो. भांडं वाजलं. माझ्या कानानं ऐकलंय." कुणाच्या तरी घरातून हसणं ऐकू आलं आणि मग ते वाढत गेलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला माझ्या तोंडानं म्हणायचं आहे. तुम्ही वर्गात शिरलात की पोरं गुडघ्यांनी बाकं हलवायची. डब्यांवर पेनं वाजवायची. महिनाभर तुम्ही पाठ फिरवून फळ्यावर लिहीत राहिलात, आणि एक दिवस खडू ठेवून म्हणालात, "आज इथंच थांबू." पुन्हा गेला नाहीत. आईला सांगितलंत की घसा साथ देत नाही. मी तर आणखी पुढे गेले. "तुमच्यामुळे मला क्लासात तोंड दाखवायला जागा राहिली नाही," असं मी तुम्हाला भरल्या ताटावर म्हणाले. तुम्ही भाकरीचा तुकडा आमटीत बुडवलात आणि तो तसाच वाटीत राहिला.

मी ताटावर बोलले त्याच आठवड्यातली संध्याकाळ. तुम्ही दारात मोगऱ्याला पाणी घालताय. वर न बघता विचारता, "बाई, तुला काही ऐकू आलं होतं का गं त्या दिवशी? पेला वाजलेला?" तुमचा आवाज इतका हलका होता, की मला रडू यायला हवं होतं. मी म्हणाले, "नाही अप्पा. मी झोपले होते." तुम्ही म्हणालात, "हाव, मग मलाच भास झाला असंल." दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः ते पेले घासून स्वयंपाकघरात ठेवलेत. त्या रात्रीपासून दाराला कडी लागू लागली. भूकंप तुम्हाला जे शिकवून गेला होता ते मी एका शब्दात तुमच्याकडून काढून घेतलं. त्यानंतर तुम्ही कुकरची शिट्टी झाली तरी आईला विचारायचात, "वाजली ना गं?" भौतिकशास्त्राचा मास्तर, आणि स्वतःच्या कानावर भरवसा उरला नव्हता. त्या सीडीतले पाच-सहा प्रश्न परीक्षेत आलेही असतील, मला आठवत नाही. मला नांदेडला प्रवेश मिळाला आणि तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत, हसणाऱ्यांच्या घरीसुद्धा.

सांगायच्या संधी कमी नव्हत्या. सुट्टीत यायचे तेव्हा बस अहमदपूरच्या पुढे आली, की मी मनात वाक्यं जुळवायचे, आणि तुम्ही स्टँडवर माझी पिशवी घेतलीत की ती मोडायची. दवाखान्यात शेवटचे तीन दिवस मी तुमच्या उशाशी होते. तेव्हाही पंख्याचा आवाज येतो का, एवढंच तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "येतो, अप्पा, मलाही येतो." तेवढं एक खरं बोलले.

नातीला मी शेवटी सांगितलं, की चालू ठेवायचा असेल तर ठेव, पण चालू आहे हे मला सांगून ठेव. ती हसली, म्हणाली, "बस, एवढंच?" काल निजताना तिनं आतून हाक मारली, "आई, चालू ठेवलाय बरं का." मी उठून हे लिहायला घेतलं. ते साडीचं कव्हर अजून माझ्याकडे आहे. हा कागद त्याच्या घडीत जाईल. पोस्टात टाकायचा म्हटलं तरी पत्ता नाही.

एक अजून राहिलं. त्या पहाटे सगळे गल्लीत उभे असताना तुम्ही ओरडून सांगत होतात, की कुणीही घरात जायचं नाही. आणि मी आत गेले होते. नंतर म्हणाले, की आईची शाल आणायला गेले होते. शाल नव्हती आणायची, अप्पा. कॉपी किती राहिलीय ते बघायचं होतं. कॉम्प्युटरचा पडदा सुरू केला, अकरा मिनिटं राहिली होती, आणि तेवढ्यात तुमची चाहूल लागली म्हणून बंद केला. तुम्ही अंधारात माझं मनगट धरलंत, डोक्यावर दुसऱ्या हाताचा पंजा धरलात आणि मला वाकवून बाहेर ओढत नेलंत. घर पडणार नाही हे मला माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि तुम्ही आत आलात.