अस्वलाचं नाव घेत नाहीत

१० जानेवारी
सूनबाईंनी आज माझ्या डोक्याला पानं बांधली! सक्करदऱ्याच्या तलावाकाठी, फिरायला आलेल्या यच्चयावत पेन्शनरांसमोर. आमची हेल्मी फिनलंडची, फोटोकलावंत. तिकडे तिने सख्ख्या आजी-आजोबांना शेवाळ पांघरवून जंगलात उभं केलं. आता सासरची पाळी. मुलगा पियूष म्हणतो, "बाबा, हे आर्ट आहे." असेल. माझा फिरायचा सोबती ईश्वरदास मात्र काठी टेकून थांबला. "काहून गा गणपतराव, पुन्हा नवरदेव होऊन राहिला का?"

१२ जानेवारी
जेवताना हेल्मी सांगत होती, पियूष मराठी करून देत होता. तिकडे रानात अस्वलाचं नाव घेत नाहीत. घेतलं की ते येतं म्हणे! म्हणून टोपणनावाने बोलतात. देवकी खूश. "आमच्याकडं बी! रानात वाघाले वाघ नाही म्हणत, जनावर म्हणतात." सासू-सुनेचं गूळपीठ जमलं.
मग हेल्मीने विचारलं — आई बाबांचं नाव कधीच का घेत नाहीत? बाबा अस्वल आहेत का?
देवकी पोट धरून हसली. मला हसू आलं नाही.

१३ जानेवारी
प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली बटण असणार. दाबलं की घरच्या माणसाने घेतलेलं नाव ऐकू येणार. तिच्या आजोबांचं नाव आजीने घेतलंय. माझं देवकीने घ्यायचं. "मी नाही घेत वं माय! पियूषचे बाबा म्हणतो, चालते का?"
कागदाला सांगायला कसली लाज — मला एकदा ऐकायचं आहे. लग्नात उखाण्यात घेतलं म्हणतात, पण नेमका तेव्हाच बँड सुरू झाला. पंचेचाळीस वर्षं मी नुसता "अवो". दूधवालाही "अवो"च!

१५ जानेवारी
घरी हळदीकुंकू. बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला. मी दाराआड कान लावून उभा. म्हणाली, घसा बसला. सकाळी भाजीवाल्याशी भांडताना बसला नव्हता!

१८ जानेवारी
उमरेडकडे मेहुण्याचं, हेमराजचं शेत. लागून सागाचं रान. हेल्मी कॅमेरा मांडत होती, तेवढ्यात मी लघवीला म्हणून आडबाजूला गेलो. परत येताना हाक आली — "अवो!"
हेमराजचा गडी धोंडबा म्हणाला, "ओ!" गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "ओ!"
मी ओ न देता एका सागामागे उभा राहिलो. वय अडुसष्ट आणि लपाछपी! लाज वाटली, पण हललो नाही.
"अवो, कुठी गेले?"
हेमराज म्हणाला, "अक्का, इकडं जनावर फिरून राहते."
आणि मग — "गणपतराव!"
आवाज कापत होता. पुन्हा — "गणपतरावऽ!" तिसऱ्या हाकेला राव गळून पडला. नुसतं "गणपतऽऽ!"
डोळे पुसून बाहेर आलो. वाट चुकलो म्हणून सांगितलं. देवकी अर्धा तास बोलत होती. फार बरं वाटलं.

२० जानेवारी
हेल्मीने फोटो दाखवला. देवकी तोंडाशी हात धरून हाक मारते आहे. समोर दहा पावलांवर साग, सागाबाहेर आलेलं माझं पोट. देवकी थेट पोटाकडे बघते आहे. आणि हसते आहे.
तीन हाकांपैकी कितव्या हाकेचा हा फोटो, विचारलं.
पहिल्या.