पंख्याच्या घरघरीपायी

ती. भाऊजींस,

शिरसाष्टांग नमस्कार. ताईचा गुडघा अजून जिना मोजून चढतो का, ते कळवावे. माझी तब्येत उत्तम, म्हणजे खुर्चीत बसवते आहे.

माझ्यावर झालेल्या अन्यायाची इतिहास दखल घेणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. आमच्या जावा भाषेतल्या प्रोग्राममधली एक ओळ बदलली की सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा, आणि तो उठायला चार मिनिटं घेतो. (तेवढ्यात ताई गुडघा धरूनही गच्चीवर पोचेल.) दिवसाला अशा तीस ओळी. यावर शेजारच्या टेबलावरच्या, सहा महिन्यांच्या करारावर आलेल्या बाईंनी (आम्ही त्यांना चष्मेवाली म्हणतो, मीही चष्मा लावतो, पण मला कोणी म्हणत नाही) अशी सोय केली की बदललेला क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, सर्व्हरने चालता चालताच आपणहून उचलावा. सगळ्यांकडे ती चालली. माझ्याकडे नाही! मी साहेबांच्या कानावर घातलं की बाईंनी काम अर्धवट केलंय. साहेब म्हणाले, "महिनाअखेर निस्तरलं नाही, तर करार वाढवायचं राहू दे."

बिचारी तीन शनिवार सुट्टी मोडून आली. सर्व्हरची एकेक सेटिंग वाचली, जुन्या फाइली उपसल्या. माझ्या संगणकाला मात्र मी हात लावू दिला नाही (मांडणी बिघडते). तिनं एकदाच विचारलं, "सर, फाइल सेव्ह केल्यावर ती कंपाइल होते ना?" मी म्हटलं, "बाई, मी हे काम करत होतो तेव्हा तुम्ही पाटी पुसत होता."

काल दुपारी मनात आलं, हल्ली संगणकाचा पंखा एवढा शांत कसा? आणि सेटिंग उघडून पाहिली. दर सेव्हला कंपाइल करताना, म्हणजे ओळी यंत्राच्या भाषेत उतरवताना, तो घरघरायचा; उन्हाळ्यात ते सोसवेना, म्हणून आपोआप कंपाइल होण्याची खूण मीच काढून टाकली होती. तुमच्या छापखान्याच्या भाषेत सांगायचं, तर मी प्रूफं सुधारत होतो आणि शिशाचे खिळे कोणी बदलतच नव्हतं. यंत्र बिचारं नव्या खिळ्यांची वाट बघत बसलेलं. सर्व्हर पुन्हा सुरू करताना सगळे खिळे नव्याने जुळायचे, म्हणून तेवढं चालायचं.

खूण परत लावली. पंखा घरघरला. दोन सेकंदांत पडद्यावर नवी ओळ. कोणी पाहिलं नाही.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. खरं विचारायचं ते हे : तुम्ही एवढी वर्षं फोरमन होता. फोरमनची चूक जुळाऱ्याच्या माथी गेली, तर फोरमन काय करायचा? 'आपोआप सुटलं' एवढं म्हणून भागतं का? ताईला न विचारता कळवा.

आणखी एक (पत्र टाकायचं राहिलं, दोन दिवस गेले). उत्तर नको. ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि कालच साहेबांकडे जाऊन खरं सांगून आलो. साहेब हसले, दार उघडं ठेवून हसले. बाईंचा करार वाढला. आज शनिवार. त्यांना घरी पाठवून त्यांचं तुंबलेलं काम घेऊन बसलोय, तेव्हा पुढचे दोन शनिवारही मी तुमच्याकडे जेवायला नाही. पंखा घरघरतोय. घरघरू दे.