किल्लीला बांधलेला पांढरा दोरा

चि. चिमणीस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. (थोरली बहीण म्हणजे मी. तुझं काही सांगता येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. मागल्या महिन्यात तू एकच पत्र दोनदा पाठवलंस आणि दोन्हींत चष्मा हरवल्याचं लिहिलंस. कपाळावर बघितलंस का?) गुडघे कसे आहेत? माझे जागच्या जागी आहेत, फक्त माझं ऐकत नाहीत.

अक्षर सूनबाईचं, शब्द माझे. निदान तिचं म्हणणं तसं. मी दहा वाक्यं सांगते तेव्हा तिचा हात सहा वाक्यांएवढाच हलतो, म्हणून मधेमधे वाचून दाखवायला लावते. वाचते अगदी बरोबर. पण वाचणारीही तीच ना.

तर मी मृत्युपत्र करतेय. वकिलाने विचारलं, कोणाला काय द्यायचं ते ठरलंय का. शिवाय बजावलं की दोन साक्षीदार आणा, पण ज्याला काही मिळायचंय त्याला साक्षीला आणू नका. मी म्हटलं, ठरवते आणि खूण करते. चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुऊन इस्त्री केले ते काय नावं वाचून? कॉलरच्या आत ज्याच्या-त्याच्या रंगाचा दोरा. एकाची विजार दुसऱ्याकडे कधी गेली नाही. (एकदा गेली, पण त्याला ती जास्त शोभत होती.) तसंच घरात केलं. थोरल्याला लाल, लेकीला हिरवा, धाकट्याला निळा. मोठ्या कपाटाला लाल बांधला, घड्याळाला हिरवा आणि दुकानाच्या किल्लीला निळा, कारण धाकटा आणि ही सूनबाई इथेच राहतात. तुझा ज्याच्यावर तीस वर्षं डोळा आहे त्या तांब्याच्या हंड्याला पिवळा. तिघांना बोलावून सगळं दाखवलं आणि जेवून आडवी झाले.

उठून बघते तर कपाटाला तिन्ही दोरे, आणि किल्ली उघडीबोडकी. मी किल्लीला लाल बांधला, चहा होईपर्यंत गायब. दुसऱ्या दिवशी हिरवा, तोही गायब. तापलेली इस्त्री हातात आल्यासारखं जो-तो दुकान पुढच्याच्या हातात देतोय. थोरला तर तोंडावर म्हणाला, "आई, आता कपडे बाहेर कोण देतं? पाडून टाक ते, माझी गाडी तरी उभी राहील." लेकीला वाफेने शिंका येतात. (दुकानाच्या पैशावर शिकली तेव्हा येत नव्हत्या.) धाकटा काहीच बोलत नाही, आणि धाकटा बोलत नाही म्हणजे त्याचं थोरल्याशी आधीच बोलणं झालेलं असतं.

चौथ्या दिवशी किल्लीला पांढरा दोरा. पांढरा मी कोणालाच दिला नव्हता. हा कोण नवा वारस? समोरच्या शिंप्याला जागा कमी पडते, म्हणून तो एक. वकिलाने किल्ली दोनदा उचलून पाहिली, म्हणून तो दुसरा. आता सूनबाईलाच विचारलं, तुला काय वाटतं, चोर कोण? तर तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. अकरा वर्षं माझ्या शेजारी उभी राहून इस्त्री करते, पण पेन्सिल धरता येत नाही. असो.

तुझी,
थोरली

ता.क. अक्षर बदललंय म्हणून घाबरू नकोस. सूनबाईला कपडे पोचवायला पाठवलंय आणि हे शिंप्याला सांगतेय. (त्याच्यावरचा संशय मागे घेतला. निम्मा.) पांढऱ्या दोऱ्याची गाठ उकळत्या पाण्यातही न सुटणारी होती. माझ्या पोटच्या तिघांना ती कधी जमली नाही. या घरात ती दोघींनाच येते, आणि मी बांधली नव्हती. अकरा वर्षांत तिने काही मागितलं नाही, आणि आता मागितलं तेही दोऱ्याने. दुकान तिच्या एकटीच्या नावावर करतेय. कोणाला सांगू नकोस. विसरायची सवय एकदा तरी कामी येऊ दे.

आणखी एक. साक्षीला शिंपी आहे, दुसरी तू. गुरुवारी ये. साक्षीदाराबद्दल वकील काय म्हणाला ते वर आहेच, तेव्हा हंडा लेकीला गेला. रागावशील, पण गुरुवारपर्यंत विसरशीलही. नेहमीचे अक्रोड मात्र आधी पाठव, आणि फोडून पाठव. मागच्या खेपेचे मी दुकानातल्या इस्त्रीने फोडले होते, आता इस्त्री घ्यायची तर विचारावं लागेल.